पानगळीची लाज

आपल्या शहरांतल्या बागांना शिशिराची लाज वाटते. पाहुणे यायच्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या आजोबांना आतल्या खोलीत बसवावं, तशी आपण पानगळ लपवतो. जानेवारीत पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या कुठल्याही नव्या सोसायटीच्या गेटातून आत जा. दोन्ही बाजूंना बॉटल पाम, त्याखाली कंबरेएवढं कापलेलं ड्युरांटाचं पिवळसर कुंपण, मध्ये लॉन, आणि क्लबहाऊससमोर पेटुनियाच्या कुंड्यांची रांग. हीच जागा जुलैत बघा. कुंड्या बदललेल्या असतील, बाकी सगळं तसंच. ब्रोशरमध्ये याला 'बारमाही हिरवाई' म्हणतात.

माझं भांडण या दोन शब्दांशी आहे. दख्खनच्या पठारावर बारमाही हिरवाई ही थाप आहे. ती टिकवायची तर टँकर लागतो, दर तिमाहीला कुंड्यांचं नवं बिल लागतं, आणि जी झाडं या थापेत बसत नाहीत त्यांचा काटा काढावा लागतो. शेवटचा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल आधी सांगतो.

मी भाड्याने राहतो त्या सोसायटीत एक काटेसावर आहे. इमारतींच्या आधीपासूनची. नोव्हेंबरच्या शेवटी तिची पानं झडायला लागली आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागले. 'हे झाड मेलं आहे का?' 'गाडीवर रोज कचरा पडतो.' 'उन्हाळ्यात कापूस उडतो, मुलांना ॲलर्जी होते.' 'एंट्रीलाच असं वाळकं झाड बरं दिसत नाही, रिसेल व्हॅल्यूचा विचार करा.' मी लेखी हरकत घेतली. भाडेकरूला मत नसतं, हे मला सौजन्याने कळवण्यात आलं. परवानगीचं पत्र दाखवा म्हटलं, तर उत्तर मिळालं की 'तोड नाही, फक्त छाटणी आहे.' डिसेंबरात दोन दिवस करवत चालली. आता तिथे विजेच्या खांबासारखं एक खोड उभं आहे. फेब्रुवारीत त्याला एकही फूल आलं नाही.

'फक्त छाटणी' या युक्तिवादाचं उत्तर कायद्यातच आहे. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 सालचा वृक्षसंरक्षण आणि जतन कायदा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे बुंध्यातून आडवं करणं एवढाच अर्थ नाही. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात धरलं आहे. पण कायद्यापेक्षा मला त्या पहिल्या प्रश्नाने जास्त छळलं. 'हे झाड मेलं आहे का?' असं विचारणारे काका शिकलेले आहेत, गावाकडे त्यांची शेती आहे. तरीही निष्पर्ण आणि वठलेलं यांतला फरक त्यांना सांगावा लागतो. वठलेलं झाड म्हणजे मेलेलं. निष्पर्ण झाड म्हणजे पानं उतरवलेलं. फरक ओळखायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. बारीक फांदीवर नखाने ओरखडा काढा. आत हिरवं आणि ओलं दिसलं, तर झाड जिवंत आहे आणि कामात आहे.

काय काम करत असतं ते? आपल्या पठारावर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांत पडतो. पुढचे 8 महिने झाडाने साठवणीवर काढायचे. पानातून सतत पाणी उडून जातं, म्हणून पाणी आटायला लागलं की पानझडी झाडं पानं उतरवतात. युरोपातली झाडं थंडीपायी पानं गाळतात, आपली कोरडेपणापायी. पान गळण्याआधी झाड त्यातला बराच उपयोगाचा माल फांद्यांत परत ओढून घेतं. आणि मग आपल्याकडची कितीतरी झाडं याच उघड्या अवस्थेत फुलतात. फूल पानांआड राहत नाही, लांबून पक्ष्याला दिसतं. वाऱ्यावर जाणाऱ्या बियांना वाटेत पानांचा अडथळा होत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत झाड आपल्याला 'मेलेलं' वाटतं, तो त्याच्या वर्षातला सगळ्यांत घाईचा काळ असतो. एखाद्याच्या लग्नाच्या आठवड्यात त्याच्या दारावर अंत्ययात्रेची वर्दी लावावी, असा हा प्रकार आहे.

थंड देशांतल्या माळ्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवला, कारण त्यांना पर्याय नव्हता. इंग्लंडमध्ये किंवा नेदरलँड्समध्ये नोव्हेंबर ते मार्च बागेत फुलं जवळजवळ नसतात, उजेड कमी असतो. तेव्हा बघण्यासारखं काय उरतं? खोडाचा रंग, फांद्यांची ठेवण, वाळलेले तुरे, शेंगा, गवत. बागेचा सांगाडा. म्हणून तिथे बाग आखताना हिवाळ्याचा वेगळा विचार होतो. कॉर्नस नावाचं एक झुडूप केवळ काड्यांसाठी लावतात. पानं गळली की त्याच्या काड्या लालभडक दिसतात. नव्या काड्यांचा रंग जास्त चढतो म्हणून वसंताच्या तोंडावर ते जमिनीलगत छाटतात. विच हेझेल भर थंडीत, पानं नसताना, उघड्या फांद्यांवर पिवळं फुलतं. केंब्रिजजवळच्या अँगलसी ॲबीमध्ये तर हिवाळ्यात चालण्यासाठी आखलेली एक खास वाट आहे, आणि तिच्या शेवटी पांढऱ्याशुभ्र खोडांची एक राई आहे.

ती राई कशाची आहे माहीत आहे? भूर्जाची. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तो हिमालयातला भूर्ज. त्याचा सगळ्यांत पांढऱ्या खोडाचा प्रकार व्हिक्तोर झाकमाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या नावाने ओळखला जातो. हा माणूस हिंदुस्थानभर, पार काश्मीरपर्यंत फिरला आणि 1832 साली मुंबईत वारला. वय वर्षं 31, म्हणजे माझ्याहून जेमतेम मोठा. इंग्लंडमधले हौशी माळी या झाडाची खोडं पाण्याने धुतात, हिवाळ्यात ती उठून दिसावीत म्हणून. आपण आपल्या झाडाचं खोड धुणं सोडा, त्याला निवडणुकीचा फ्लेक्स खिळ्याने ठोकतो.

नेदरलँड्सच्या पीट आउडॉल्फ या बागरचनाकाराने याच्याही पुढची गोष्ट केली. न्यूयॉर्कमध्ये मालगाड्यांचा एक बंद पडलेला उन्नत लोहमार्ग होता. तिथे हाय लाइन नावाची बाग झाली, तिचा पहिला टप्पा 2009 साली उघडला, आणि तिथली लागवड आउडॉल्फची आहे. त्याचं म्हणणं साधं आहे: झाड फुलून गेल्यावरही बघण्यासारखं राहिलं पाहिजे. म्हणून तिथे वाळलेले देठ, तपकिरी बोंडं, पिवळं पडलेलं गवत हिवाळाभर उभं ठेवतात. बर्फ त्यावर साचतो. हिवाळा सरला की मगच ते कापतात. जगातल्या सगळ्यांत महाग जमिनींपैकी एका जमिनीच्या शेजारी लोक वाळलेलं गवत बघायला येतात आणि कुणी सेक्रेटरीला मेसेज करत नाही.

आता कुणी म्हणेल, झालं, आता पुण्यात भूर्ज लावा. मुळीच नको. भूर्ज इथे जगणार नाही आणि नक्कल हाच तर आपला रोग आहे. त्यांच्याकडून उचलायची ती फक्त पद्धत: बाग आखताना सगळ्यांत अवघड ऋतूपासून सुरुवात करायची. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात डेमो सगळ्यांचेच छान होतात. सिस्टम कशी बांधली आहे ते सेलच्या दिवशी रात्री बाराला कळतं. ब्रोशरमधलं हिरवं चित्र हा डेमो आहे. बाग कशी आहे ते फेब्रुवारीत कळतं.

आणि फेब्रुवारीसाठी आपल्याकडे जे सामान आहे ते बघून आउडॉल्फलाही हेवा वाटेल.

काटेसावरीपासून सुरुवात करू. तिच्या फांद्या खोडाभोवती चक्राकार, मजल्यामजल्याने, जवळजवळ आडव्या निघतात. पानं असताना ही रचना झाकलेली असते. पानं गेली की झाड देवळासमोरच्या दीपमाळेसारखं दिसतं, आणि मग त्या दीपमाळेवर तळहाताएवढी लाल, मांसल फुलं लागतात. फुलाच्या पेल्यात मधुरस भरलेला असतो. त्यावर साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर, खारी यांची झुंबड उडते. रात्री वटवाघळं येतात. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आपल्याकडे येणाऱ्या गुलाबी भोरड्यांचे थवे याच झाडांवर उतरतात. या पक्ष्याचं मराठीतलं दुसरं नाव पळसमैना आहे. ज्या भाषेने पाहुण्या पक्ष्याला त्याच्या खाणावळीचं नाव दिलं, ती भाषा बोलणारे आपण ती खाणावळच 'वाळकी दिसते' म्हणून पाडतो.

पांगारा साधारण त्याच सुमाराला पेटतो, पळस त्याच्या मागोमाग. ही नावं निदान ऐकलेली असतात. कांडोळ मात्र विचारा. पांढरूख, कहांडळ अशीही त्याची नावं आहेत. सह्याद्रीच्या उतारांवर, खडकाळ जागी वाढणारं हे झाड हिवाळ्यात पूर्ण उघडं होतं, आणि त्याची पांढरट, किंचित गुलाबी झाक असलेली गुळगुळीत साल कागदासारखी सुटते. संधिप्रकाशात ते इतकं लख्ख दिसतं की काही ठिकाणी त्याला भुत्या म्हणतात. औषधांत आणि खाद्यपदार्थांत वापरला जाणारा कराया डिंक याचाच. पांढऱ्या खोडासाठी इंग्रज माणूस हिमालयातून झाड नेतो, आणि आपल्या डोंगरउतारावरचं पांढरं खोड एकाही सोसायटीच्या नकाशात नाही.

शिरीष घ्या. पानं गेली की त्याच्या चपट्या, फिक्या पिवळ्या शेंगा झाडभर लटकतात आणि जरा वारा आला की आतल्या बिया खुळखुळतात. फक्त डोळ्यांसाठी नाही, कानांसाठीही काही देणारं हे झाड आहे. बहाव्याचे पिवळे घोस इन्स्टाग्रामवर एप्रिल-मेमध्ये सगळेच टाकतात. पण त्याच्या हात-हात लांब काळपट शेंगा हिवाळाभर टांगलेल्या असतात, त्यांचा फोटो कुणी टाकत नाही. देवचाफ्याच्या उघड्या, जाड, सांबरशिंगांसारख्या फांद्या पांढऱ्या भिंतीसमोर बघा. देवळातल्या जुन्या माणसांनी त्याला ओट्याजवळ उगाच जागा दिलेली नाही.

खाली जमिनीवर या. पुण्याच्या टेकड्यांवर नोव्हेंबरपासून सोनेरी होणारं गवत म्हणजे मुख्यतः कुसळी. सकाळच्या तिरप्या उन्हात तो रंग बघायला लोक दूरच्या देशांची तिकिटं काढतात. कुसळ पायजम्याला चिकटतं म्हणून आपण त्याला शिव्या देतो, पण ते एक नीट बांधलेलं यंत्र आहे: दमट हवेत त्याचा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो, आणि असं फिरत-फिरत ते बी जमिनीत घुसवतं. बॅटरी नाही, मोटर नाही. आणि फुलंच हवी असतील, तर कुंद आहे. बाकीच्या जाई-जुई दमतात तेव्हा थंडीत पांढरा फुलणारा. कोरांटी आहे, पिवळी, जांभळी, पांढरी, जी आजीच्या अंगणात कुणी न लावता यायची आणि हिवाळाभर फुलायची. पेटुनियाला मार्चच्या उन्हात मान टाकताना बघितलं, की कोरांटीबद्दल आदर वाढतो.

सगळे ऋतू एकाच वेळी फुललेले असण्याची कल्पना नवी नाही. मेघदूतात कालिदासाने अलकानगरीच्या स्त्रियांना सहा ऋतूंची फुलं एकदमच लेववली आहेत, आणि त्यांतला केसांत माळलेला कुंद हा हेमंताचा. पण कालिदासाला पुरतं माहीत होतं की अशी नगरी फक्त यक्षांची असते, कुबेराच्या मालकीची. आपला बिल्डर तीच नगरी चौरस फुटाच्या दराने विकतो आणि देखभालीचा खर्च आपल्याकडून घेतो.

आता हरकती. मी त्या सगळ्या ऐकल्या आहेत.

'कचरा होतो.' गळलेलं पान हा कचरा नाही, खत आहे. एका कोपऱ्यात खड्डा किंवा जाळीचा पिंजरा केला तर पुढच्या पावसापर्यंत त्यातलं बरंच काम झालेलं असतं. कचरा आपण करतो, तो ढीग पेटवून. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 सालीच देशभर बंदी घातली आहे आणि 5,000 रुपये दंड ठरवला आहे, मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000. तरी जानेवारीच्या पहाटे शहरभर तोच धूर असतो. गंमत अशी की ज्या ग्रुपवर हवेच्या प्रदूषणाचे आकडे फिरतात, त्याच ग्रुपवर पानांची तक्रार असते.

'कापसाने ॲलर्जी होते.' सावरीचा कापूस म्हणजे परागकण नव्हेत, बीजाला वाऱ्यावर नेणारे तंतू आहेत. ते वर्षातले काही आठवडे उडतात. ज्याला त्रास होतो त्याने डॉक्टरला जरूर दाखवावं. पण तपासणी न करता झाडाला शिक्षा देणं याला निदान म्हणत नाहीत.

'फांद्या पडतात.' ही हरकत खरी आहे. सावरीचं, पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं. पार्किंगवर किंवा मुलांच्या झोपाळ्यावर ही झाडं झुकलेली नकोत. पण हा जागेचा प्रश्न आहे, जातीचा नाही. नवी लावताना मोकळ्यात लावा. जुन्या झाडाची एखादी फांदी धोकादायक असेल तर जाणकाराला दाखवून, परवानगी घेऊन तेवढीच काढा. आख्ख्या झाडाचं मुंडण करू नका.

'मग उन्हाळ्यात सावली कुठून आणायची?' वड, आंबा, कडुनिंब लावा, कोण नको म्हणतंय? माझा वैरी हिरवा रंग नाही. आणि देशी-परदेशीचा झेंडाही मी उचललेला नाही. देवचाफा मूळचा मध्य अमेरिकेतला आहे आणि मला तो हवा आहे. माझी तक्रार एवढीच की बागेत निदान काही झाडं अशी हवीत जी बदलतात. पाम वर्षाचे 12 महिने तोच चेहरा घेऊन उभा असतो, एखाद्या शोरूमच्या दारातल्या पुतळ्यासारखा.

'एवढं काय त्यात, एका झाडाचं?' ही हरकत सगळ्यांत जास्त वेळा येते आणि मला सगळ्यांत जास्त राग तिचाच येतो. आपली पिढी 24 अंशावर लावलेल्या एसीत काम करते. ऋतू बदलला हे आपल्याला फोनवरच्या सेलमुळे कळतं: छत्र्या, मग दिवे, मग जॅकेट. खिडकीबाहेरचं एक झाड हे आपल्याकडे उरलेलं शेवटचं फुकट कॅलेंडर आहे. ते वाचता येणं हे ज्ञान आहे, आणि ते एका पिढीत विसरलं जाऊ शकतं, कारण ते बघून-बघूनच शिकावं लागतं. ज्या मुलाने झाडाला उघडं होताना आणि पुन्हा भरताना कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी पानं गेली म्हणजे संपलं. पुढे तोच मुलगा कमिटीवर बसेल. 'हे झाड मेलं आहे का?' हा प्रश्न तेव्हा कुणी विचारणारसुद्धा नाही, सरळ करवत मागवली जाईल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे फुलं होईपर्यंत, सावर, पांगारा, पळस यांना हात लावायचा नाही. दर सोसायटीत गेटातून दिसेल असं निदान एक पानझडी झाड. लॉनचा एक कोपरा कुसळीसारख्या गवताला सोडायचा आणि तो उन्हाळ्याआधी, होळीच्या सुमारास कापायचा, म्हणजे आगीची भीती नको. पेटुनियाचं एका हंगामाचं बिल काढून त्यात कुंदाच्या आणि कोरांटीच्या किती काड्या बसतात ते एजीएममध्ये वाचून दाखवायचं. आणि माळीकाकांना विचारायचं. बहुतेक ठिकाणी त्यांना हे सगळं माहीत असतं. त्यांना फक्त कापायचे पैसे मिळतात, वाढवायचे नाहीत.

तुमच्यातले बरेच जण येत्या काही वर्षांत घर घ्याल. सँपल फ्लॅट बघाल, टाइल्सवर टिचकी मारून बघाल, कर्जाचे हप्ते फोनवर मोजाल. मग सेल्सवाला टॅबवर बागेचं हिरवंगार चित्र दाखवेल. तेव्हा त्याला एवढंच विचारा: हे कुठल्या महिन्यातलं आहे? आणि म्हणा, आता फेब्रुवारीतलं दाखवा.